गव्हाचे सरकारी धोरण आणि बातमीफुटीचे संसदीय वाद

गव्हाचा हमीभाव, सरकारी खरेदी, आयात-निर्यात किंवा साठा मर्यादा यांबाबतचा निर्णय सभागृहाला कळण्याआधी वृत्तपत्रांत छापून आला, की संसदेत उठणारा वाद. त्यात दोन तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या असतात. सभागृहाचा मान राखला गेला नाही ही एक. आधी कळलेल्या बातमीवर कुणीतरी पैसे कमावले ही दुसरी. सभागृहात गदारोळ होतो तो बहुतेक पहिलीवर. खरे नुकसान असते ते दुसरीत.

नाशिक जिल्हा म्हटले की कांदा आठवतो, पण गव्हाच्या धोरणाशीही त्याचा जुना संबंध आहे. मनमाड येथील भारतीय अन्न महामंडळाचे कोठार देशातील मोठ्या कोठारांपैकी एक आहे. उत्तरेकडून रेल्वेच्या मालगाड्यांनी येणारा गहू इथे उतरतो आणि पुढे रेशन दुकानांकडे जातो. निफाडजवळ कुंदेवाडीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. तिथल्या वाणांची नावेच जिल्ह्याची ओळख सांगतात : त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. तरीही केंद्राची खरेदी मुख्यतः पंजाब, हरियाणा आणि मध्य प्रदेशात होते. निफाड, दिंडोरी, सिन्नरचा गहू बाजार समितीत किंवा थेट वर्षाचे धान्य भरणाऱ्या घरांत जातो. इथल्या शेतकऱ्याला हमीभाव हा पेपरात वाचायचा आकडा. त्याच्या पदरात पडतो तो बाजारातला भाव, आणि दिल्लीतून येणाऱ्या कुजबुजीने हलतो तोही हाच भाव. मार्च-एप्रिलमध्ये, माल खळ्यातून नुकताच निघालेला असताना, आयातीची नुसती चर्चाही त्याला महागात पडते.

कायद्याची बाजू, पहिल्या तक्रारीपुरती, वाटते त्यापेक्षा कमकुवत आहे. संविधानाच्या अनुच्छेद 105 ने संसदेला विशेषाधिकार दिले. लोकसभेत हक्कभंगाचा प्रश्न नियम 222 खाली मांडता येतो, आणि संसदीय समितीसमोरील साक्षी, कामकाज व अहवाल हे अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत गोपनीय मानले जातात. समितीचा मसुदा फुटला तर हक्कभंगाची तक्रार टिकू शकते. सरकारचा स्वतःचा निर्णय फुटला तर मात्र ती सहसा टिकत नाही. 1956 मध्ये अर्थसंकल्पातील काही प्रस्ताव आधीच बाहेर पडले, तेव्हा ब्रिटिश संसदेतील दाखले पाहून असा निर्णय झाला, की सभागृहात मांडेपर्यंत ते सरकारचे गुपित असते. ते फुटणे गंभीर खरे, पण तो सभागृहाचा हक्कभंग नव्हे. अधिवेशन चालू असताना मंत्र्याने धोरण बाहेर जाहीर केले, तर तेही पीठासीन अधिकाऱ्यांनी आजवर अनुचित ठरवले आहे, हक्कभंग नव्हे. विरोधी बाक नोटीस देतात, अध्यक्ष नापसंती व्यक्त करतात, आणि प्रकरण तिथे थांबते. ब्रिटनमध्ये 1947 साली अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी सभागृहात शिरता शिरता एका पत्रकाराला अर्थसंकल्पातील तरतुदी सांगितल्या आणि त्यापायी पद सोडले. ते मात्र नियमामुळे नव्हे, संकेतामुळे.

भारतातील गाजलेल्या बहुतेक फुटी गव्हाशी संबंधित नाहीत, पण वादाची रीत त्यांतच घडली. मुंदडा प्रकरणात (आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा घोटाळा) खासदार फिरोज गांधींनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि त्यांचे सचिव यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहार लोकसभेत वाचला. कागद बाहेर कसा आला यापेक्षा त्यात काय आहे याला महत्त्व मिळाले, आणि 1958 मध्ये मंत्र्यांना जावे लागले. संसदेच्या कामकाजाचे प्रामाणिक वृत्त छापणाऱ्यांना संरक्षण देणारा 1956 चा कायदाही फिरोज गांधींच्याच खासगी विधेयकातून आला होता. आणीबाणीत तो रद्द झाला, 1977 मध्ये पुन्हा आला. मार्च 1989 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येबाबतच्या ठक्कर आयोगाच्या अहवालातील भाग वृत्तपत्रात आला, विरोधकांनी अहवाल पटलावर ठेवण्याची मागणी केली आणि एकाच दिवशी लोकसभेचे 63 सदस्य निलंबित झाले. नोव्हेंबर 2009 मध्ये बाबरी मशीद पाडल्याच्या चौकशीचा लिबरहान अहवाल फुटला. सरकारने दुसऱ्याच दिवशी तो पटलावर ठेवला. मार्च 2012 मध्ये महालेखापरीक्षकांच्या कोळसा खाणवाटपावरील अहवालाचा मसुदा फुटला. खाणी मिळालेल्यांना झालेल्या लाभाचा त्यातला 10 लाख कोटी रुपयांहून मोठा आकडा अंतिम अहवालात 1.86 लाख कोटी झाला, पण तोवर पहिला आकडा घरोघर पोचला होता. छापील कागदाला अपूर्ण माहितीही पूर्ण वाटावी अशी ताकद असते, हा फुटलेल्या मसुद्यांचा दोष. न फुटलेले मसुदे वर्षानुवर्षे कपाटात राहतात, हा गोपनीयतेचा.

गव्हाच्या वाट्याला हा वाद आला तो टंचाईच्या काळात. 1956 पासून अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदतीच्या कायद्याखाली गहू येऊ लागला, आणि जहाज कधी येणार हीच संसदेत आणि वृत्तपत्रांत राजकीय बातमी ठरली. 1965 मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले, 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन बियाणे आले, आणि जुलै 1968 मध्ये गहू क्रांतीचे टपाल तिकीट निघाले. त्या काळी देशाची तिकिटे छापत असे ते नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय. अन्न व शेती खात्याच्या वतीने या काळात लोकसभेत उत्तरे देणाऱ्यांपैकी अण्णासाहेब शिंदे हे सिन्नर तालुक्यातल्या पाडळीचे. आधी उपमंत्री, मग राज्यमंत्री म्हणून ते या खात्यात दीर्घकाळ होते.

खरी कसोटी लागली 1973 मध्ये. महाराष्ट्र तेव्हा 1972 च्या दुष्काळातून जात होता. सुकडी (दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक पिठाचा खाऊ) आणि मिलोचे (परदेशातून आलेली लाल ज्वारी) ते दिवस. केंद्राने एप्रिलपासून गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला आणि क्विंटलला 76 रुपये भाव ठरवला. उद्दिष्ट 80 लाख टनांच्या पुढचे होते. हाती आला सुमारे 45 लाख टन. धोरण येणार याची चर्चा आधीपासून उघड चालू होती. ज्याच्याकडे कोठार आणि भांडवल होते त्याला तयारीला वेळ मिळाला. ज्याला उधारी फेडण्यासाठी लगेच विकायचे होते त्याला नाही. मार्च 1974 मध्ये सरकारने माघार घेतली, व्यापाऱ्यांना पुन्हा परवानगी दिली, त्यांच्याकडून निम्मा माल लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचा वाटा, म्हणून घ्यायचे ठरवले आणि भाव 105 रुपयांवर नेला. एका हंगामात 29 रुपयांचा फरक. तो कुणाला आधी कळला असेल, या प्रश्नाचे मोल या आकड्यावरून समजते.

2006 मध्ये सरकारी खरेदी 92 लाख टनांवर घसरली आणि केंद्राने सुमारे 55 लाख टन गहू आयात करण्याचे करार केले. कृषिमंत्री शरद पवार होते. देशी शेतकऱ्याला कमी आणि परदेशी विक्रेत्याला जास्त भाव का, हा प्रश्न त्या व पुढच्या वर्षी दोन्ही सभागृहांत गाजला. निविदांचे दर तर वृत्तसंस्थांवर लगेच येत. खरेदीदार मोठा आणि त्याची निकड जगजाहीर, असे झाले की भाव विक्रेता ठरवतो. फेब्रुवारी 2007 मध्ये गव्हाच्या वायदे व्यवहारांवर, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यांवर, बंदी आली. 2009 मध्ये ती उठली, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा लागली. बंदीने भाव किती उतरले याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. मात्र वायदेबाजार बंद असला, की फुटलेल्या बातमीचा परिणाम उघड फलकावर दिसत नाही. तो गोदामांत होतो.

13 मे 2022 च्या रात्रीची निर्यातबंदी हे उलट टोकाचे उदाहरण. काही दिवसांपूर्वीपर्यंत भारत जगाला धान्य पुरवेल अशी भाषा चालू होती, आणि त्या आठवड्यात निर्यातवाढीसाठी शिष्टमंडळे पाठवण्याचे सरकारी पत्रकही निघाले होते. बंदीचे गुपित राहिले, पण फटका बसला तो सरकारच्या शब्दावर विसंबून माल घेणाऱ्यांना. अधिवेशन संपलेले असल्याने सभागृहाच्या मानाचा प्रश्नच आला नाही.

अधिवेशन चालू असते तरी फार फरक पडला असता असे नाही. जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 च्या कलम 3 खालील आदेश ‘शक्य तितक्या लवकर’ दोन्ही सभागृहांसमोर ठेवायचा असतो, म्हणजे आधी अंमल, मग पटल. जून 2023 ची गव्हाची साठा मर्यादा याच कायद्याने आली. नाशिककरांना याचा दाखला गव्हात नव्हे, कांद्यात मिळाला. डिसेंबर 2023 मध्ये हिवाळी अधिवेशन भरलेले असताना 7 तारखेला विदेश व्यापार महासंचालनालयाने कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाला, आणि संसदेत त्यावर बोलायला सुरुवात झाली ती त्यानंतर.

माहिती अधिकार कायदा, 2005 ने मंत्रिमंडळाची टिपणे निर्णय झाल्यावर आणि विषय संपल्यावर खुली करण्याची तरतूद केली; विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती मात्र वगळली. त्यामुळे एखाद्या हंगामात खरेदी कमी का ठरली, आयातीचा विचार कधी सुरू झाला, हे अर्ज करून मिळू शकते. पण पीक विकले गेल्यावर. हंगाम चालू असताना ‘सूत्रांच्या हवाल्याने’ आलेली बातमी आणि खात्याचा खुलासा एवढेच हाती असते. गव्हावरील 40 टक्के आयात शुल्क कमी होणार अशा बातम्या 2023 आणि 2024 मध्ये वारंवार आल्या, शुल्क तसेच राहिले, आणि त्या प्रत्येक बातमीनंतर बाजारात भावाची चर्चा पुन्हा नव्याने झाली.