हळुवार जॅझची एलपी परत करण्याआधी हे वाचा

जॅझ गायिका आणि पियानोवादक डायना क्रॉलचा ‘द लुक ऑफ लव्ह’ (२००१) हा अल्बम घरी नेलेले ग्राहक पुन्हा आले की काही ना काही मत घेऊनच येतात. कुणाला झोप येते, कुणाला आवाज घोगरा वाटतो, कुणाला ‘स’ कानाला टोचतो. ‘पियानोवाली म्हणून घेतली, पियानो कुठे आहे?’ हाही प्रश्न असतोच. यातलं काही अल्बममध्ये आहे, काही तुमच्या टर्नटेबलमध्ये.

पियानो कमी आहे, हे खरं. वाद्यवृंदाची बांधणी क्लाउस ओगरमन यांची. व्हायोलिनचा साज आणि बोसा नोव्हाचा संथ ब्राझिलियन ठेका पुढे राहतो, पियानो मधल्या जागा भरतो. बोटं ऐकायची असतील तर तिचाच १९९६चा ‘ऑल फॉर यू’ घ्या. तो पियानोवादक-गायक नॅट किंग कोलच्या ट्रायोला, म्हणजे तिघांच्या चमूला, वाहिलेला आहे. बहुतेक गाण्यांत पियानो, गिटार आणि बास एवढंच, ड्रमसेट नाही. डावा हातही स्वच्छ ऐकू येतो.

गायनाबद्दल मात्र आम्ही ग्राहकांशी वाद घालतो. आवाज मुळातच खालच्या पट्टीतला आहे. ती शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकते आणि ओळीचं शेवटचं अक्षर श्वासात विरू देते. भावगीतांवर वाढलेल्या कानांना यातली मेहनत कळायला हवी. लय सगळीकडे जवळजवळ सारखी आहे, ही तक्रार मान्य. म्हणून एक बाजू ऐका आणि थांबा.

आणि ऐकताना पंखा बंद करा, निदान एकवर ठेवा. पाचवर फिरणारा पंखा आणि उघड्या खिडकीतून येणारे हॉर्न यांच्यात हे श्वास बुडतात, मग गाणं सपाट वाटतं. स्पीकर भिंतीला चिकटवले की बास फुगतो आणि खालच्या पट्टीतला आवाज घोगरा होतो. एक फूट पुढे ओढा. खोली लहान असली तरी फरक कळतो.

‘स’ टोचत असेल तर तो बाजूच्या सुरुवातीला टोचतो की शेवटी, ते आधी पाहा. ३३⅓च्या वेगाला बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच जागेत ‘स’चे बारीक नागमोडी वळसे दाटीने बसतात आणि सुईला ते नीट गिरवता येत नाहीत. फक्त शेवटी टोचत असेल तर कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, कोन चुकला आहे, प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या आखलेल्या पट्टीवर) लावून घ्या. सगळीकडे टोचत असेल तर सुई झिजलेली किंवा मळलेली आहे, नाहीतर सुईवरचा भार कमी पडतो आहे. बऱ्याच एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजना १.८ ते २ ग्रॅम लागतो, पण कंपनीचा आकडा बघूनच लावा. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा समज चुकीचा आहे. उड्या मारणारी सुई खाचेच्या भिंती जास्त खराब करते.

पियानोचा लांबलेला सूर डुलतो का? दर १.८ सेकंदांनी, म्हणजे एका फेरीत एकदा डुलत असेल तर रेकॉर्डचं मधलं भोक सरकलेलं आहे किंवा ती वाकली आहे. अशी एलपी आम्ही बदलून देतो. डुलणं अनियमित असेल तर बेल्ट सैल पडला आहे. गाण्यांच्या मधल्या शांततेत घुंऽऽ येत असेल तर अर्थिंगची वायर अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट आहे का ते बघा.

पावसाळ्यात कागदी आतल्या पाकिटांत बुरशी धरते. प्लॅस्टिकचं अस्तर असलेली पाकिटं वापरा आणि एलपी उभ्या ठेवा, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दूर. फोडणीची वाफ खाचेत बसली की धूळ चिकटते. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून, लेबल न भिजवता, खाचांच्या दिशेने पुसा. आजोबांच्या ७८च्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

एलपी परत आणताना हेडशेल (दांड्याच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवलेला तुकडा) कार्ट्रिजसकट काढून सोबत आणा. सुई सूक्ष्मदर्शकाखाली तुमच्यासमोरच तपासून देऊ.