टीपकागद पहिल्याच दिवशी बदला

वहीत दाबलेलं फूल तपकिरी पडलं की बहुतेक जण पुढच्या वेळी वर आणखी चार जाड पुस्तकं रचतात. वजन वाढवून रंग टिकत नाही. पाकळीच्या पेशींत फिनॉल वर्गातली रसायनं एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारी विकरं (एन्झाइम) दुसऱ्यात. फूल कोमेजताना मधली पटलं फुटतात, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि ऑक्सिजन मिळाला की तपकिरी रंग तयार होतो. चिरलेलं वांगं काळं पडतं ते यानेच. त्याआधी पाणी काढून घेतलं तर विकरं थंडावतात. म्हणून सगळी घाई पाणी काढण्याची.

साताऱ्यात इथेच अडतं. कासचं पठार ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतं, सगळ्यांना फुलं जपून ठेवावीशी वाटतात तीही तेव्हाच, आणि हवा मात्र इतकी दमट की कागद स्वतःच ओलसर असतो. (कासची फुलं दाबायचा प्रश्नच येत नाही. तिथे फुलं तोडायला बंदी आहे, आणि २०१२ पासून ते जागतिक वारसा स्थळांत आहे.) परसातला तेरडा, कॉसमॉस, गोकर्ण घ्या. दव उडाल्यावर, दहा-अकराच्या सुमाराला तोडा. पाऊस असेल तर देठासकट आणून पाण्यात उभी ठेवा आणि पाकळ्यांवरचं पाणी पूर्ण सुकू द्या.

दाबणीला ३० × ४५ सेंमीच्या प्लायवुडच्या दोन फळ्या आणि आवळायला दोन पट्टे पुरतात. फूल पातळ, गुळगुळीत कागदाच्या घडीत ठेवायचं. घडीच्या वर-खाली टीपकागद किंवा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या, त्याबाहेर खोक्याचा नागमोडी पुठ्ठा, म्हणजे पन्हळींतून हवा खेळते. रंगीत पुरवण्यांचा चकचकीत कागद पाणी शोषत नाही, तो नको.

टीपकागद बदलताना फुलाची घडी उघडून फूल उचलायचं नाही, घडीच जशीच्या तशी कोरड्या कागदावर सरकवायची. ओली पाकळी उचलली की फाटते. याला अपवाद पहिल्या दिवसाचा. २४ तासांनी फूल मऊ, लुळं झालेलं असतं, दुमडलेली पाकळी चिमट्याने सरळ करायची तर तेव्हाच. नंतर ती मोडेल. पहिले तीन दिवस कागद रोज, पावसाळ्यात पहिल्या दिवशी दोनदा, मग एक दिवसाआड. काढलेले कागद उन्हात किंवा गरम तव्याजवळ वाळवून पुन्हा वापरता येतात. पातळ फुलाला आठ-दहा दिवस, जाडाला दोन-तीन आठवडे. झालं की नाही हे गालाला लावून कळतं: गार लागलं तर आत ओल आहे.

शेवंती आणि झेंडू हमखास फसतात. मधला गड्डा जाड असल्यामुळे सगळा दाब त्यावर जातो, पाकळ्या मोकळ्याच राहून सुरकुततात. फूल उभं चिरून अर्धं दाबा, नाहीतर गड्ड्याएवढं भोक पाडलेल्या कागदांच्या चकत्या पाकळ्यांवर ठेवून उंची सारखी करा. जास्वंद चिकट रसामुळे कागदाला धरते, तिच्याखाली बटर पेपर घाला. मोगरा-जाईचा पांढरा रंग पिवळट होतोच, त्यावर उपाय शोधत बसू नये. पिवळ्या कॉसमॉसचा रंग सुकताना टिकतो. लाल-जांभळ्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा रंग आम्लतेनुसार बदलतो, म्हणून लाल पाकळी सुकताना निळसर होते. गोकर्णाचा निळा मात्र बराच पक्का, आणि बोगनवेलीचा गुलाबी बीटालेन या दुसऱ्याच रंगद्रव्याचा, तोही छान राहतो.

अख्खा गुलाब हवा असेल तर सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे मणी. हवाबंद डब्यात तळाला दोन-तीन सेंमी थर, त्यावर फूल, मग चमच्याने पाकळ्यांच्या आत-बाहेर हळूहळू जेल भरत झाकून टाका. पाच-सहा दिवसांनी काढा. जास्त ठेवलं तर पाकळ्या चुरतात. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात नारिंगी किंवा पांढरे घ्या. ओले मणी ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला एक-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात.

चिकटवताना खळ वापरू नका, तिच्यावर कसर लागते. पांढऱ्या गोंदाचे टूथपिकने बारीक ठिपके द्या. पातळ केलेला गोंद सगळीकडे फासला की पाकळी पाणी पिऊन वळते. फुलाचं नाव, जागा, तारीख आणि ताज्या फुलाचा रंग कागदावर तिथल्या तिथे लिहा, कारण उन्हाच्या भिंतीवर टांगलेली चौकट दोन-चार महिन्यांत फिकट होते. वहीत किडे दिसले तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पिशवी घरातल्या हवेइतकी उबदार होऊ द्या, नाहीतर थंड पाकळीवर बाहेरचं बाष्प जमून पुन्हा तीच ओल.