विषय नोंदणी (विद्यापीठीय शिक्षण)

विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने एका सत्रात कोणते विषय, कोणत्या तुकडीत आणि कोणत्या वेळेला शिकायचे, हे विद्यापीठाच्या दप्तरी पक्के करण्याच्या प्रक्रियेला विषय नोंदणी म्हणतात. प्रवेश एकदाच होतो, नोंदणी मात्र दर सत्राला नव्याने करावी लागते. ‘अभ्यासक्रम’ हा शब्द मराठीत अख्ख्या पदवीसाठीही वापरतात आणि तिच्यातल्या एकेका विषयासाठीही. या नोंदीत पदवीला अभ्यासक्रम आणि तिच्यातल्या एका सत्रात शिकवून संपणाऱ्या घटकाला विषय म्हटले आहे.

हजेरीपटावर नाव येणे, फीची आकारणी, अंतर्गत गुण आणि गुणपत्रिकेवरची ओळ हे सारे नोंदणीवरून ठरते. वर्गात नियमित बसणे म्हणजे नोंदणी नव्हे. शिक्षक चेहऱ्याने ओळखतात, प्रकल्पही तपासून देतात, आणि सत्राअखेर गुण भरायच्या यादीत नावच नसते, असे दरवर्षी घडते. अशी चूक मागाहून दुरुस्त करायला विभागप्रमुखांपासून कुलसचिव कार्यालयापर्यंत सह्या गोळा कराव्या लागतात आणि तरीही काम होईलच असे नाही.

निवडीची मुभा कुठून आली

सगळ्यांनी सारखेच विषय शिकायचे, ही जुन्या महाविद्यालयांची रीत होती. तिथे नोंदणी म्हणजे पटावर नाव घालणे एवढेच असे. हार्वर्ड विद्यापीठाचे १८६९ ते १९०९ या काळातले अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत इतकी वाढवली की सक्तीचे विषय जवळजवळ उरलेच नाहीत. त्यांच्यानंतर आलेल्या ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी या मोकळीकीला शिस्त लावली: एका शाखेत खोलवर शिकायचे आणि उरलेले विषय वेगवेगळ्या ज्ञानक्षेत्रांतून घ्यायचे. मुख्य विषय, दुय्यम विषय आणि खुले ऐच्छिक विषय ही आजची मांडणी त्याच विचाराची आहे.

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकी विद्यापीठांत नोंदणी मोठ्या सभागृहात किंवा व्यायामशाळेत होई. प्रत्येक विभागाचे टेबल असे आणि टेबलावर प्रत्येक तुकडीच्या छिद्रित कार्डांचा गठ्ठा. तुकडीत जितक्या जागा तितकीच कार्डे. विद्यार्थी टेबलामागून टेबल फिरत एकेक कार्ड उचलायचा. गठ्ठा संपला की तुकडी भरली. आजच्या पोर्टलवर दिसणारा ‘शिल्लक जागा’ हा आकडा म्हणजे तोच गठ्ठा. त्यानंतर टेलिफोनच्या बटणांवरून विषयाचा क्रमांक दाबून नोंदणी करण्याची सोय आली आणि पुढे सारे इंटरनेटवर गेले. साधने बदलली, पण मर्यादित जागा कोणाला आधी द्यायच्या हा मूळ प्रश्न आहे तिथेच आहे.

श्रेयांकांचा हिशेब

किती विषय घ्यायचे हे विषयांच्या संख्येवरून नव्हे, श्रेयांकांवरून म्हणजे क्रेडिटवरून ठरते. अमेरिकी पद्धतीत आठवड्याला एक तास व्याख्यान आणि त्याखेरीज साधारण दोन तास स्वतःचा अभ्यास, असे पंधरा आठवडे चालले की एक श्रेयांक होतो. १५ श्रेयांकांचे सत्र घेणाऱ्याला म्हणजे आठवड्याला सुमारे ४५ तास काम आहे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचे एकूण काम धरतात. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. एका श्रेयांकाला सत्रभरात व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास पडतात. प्रयोगशाळेचा विषय कागदावर हलका दिसतो आणि आठवडा मात्र खाऊन टाकतो, तो यामुळेच.

प्रत्येक सत्राला श्रेयांकांची खालची आणि वरची मर्यादा असते. वरची ओलांडायला सल्लागार शिक्षकांची परवानगी लागते आणि ती आधीचे गुण पाहून देतात. खालची मर्यादा अधिक घातक आहे. तिच्या खाली गेले की विद्यार्थी ‘पूर्णवेळ’ राहत नाही, आणि शिष्यवृत्ती, वसतिगृह, परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा यांपैकी काहीही धोक्यात येऊ शकते. अमेरिकेत पदवीपूर्व विद्यार्थ्यासाठी ही रेषा बहुधा १२ श्रेयांकांची असते. जेमतेम १२ घेणाऱ्याने सत्राच्या मध्यावर एक विषय सोडला की तो रेषेखाली जातो. म्हणून एखादा विषय सोडावा लागेल अशी शंका असेल तर सुरुवातीलाच एक विषय जादा ठेवावा.

वेळापत्रकातली एक ओळ

नोंदणीपूर्वी जाहीर होणाऱ्या विषययादीत प्रत्येक तुकडीची एक ओळ असते आणि ती नीट वाचता येणे हे निम्मे काम आहे. समजा ओळ अशी आहे: सांख्यिकी २०१, तुकडी ०२, व्याख्यान, ३ श्रेयांक, सोमवार व बुधवार १० ते ११.३०, क्षमता ६०, नोंदलेले ४८, राखीव १२. यातला २०१ हा आकडा बहुतेक ठिकाणी पातळी सांगतो. पहिला अंक २ म्हणजे विषय दुसऱ्या वर्षाच्या तयारीचा. पडद्यावर बारा जागा शिल्लक दिसतात, पण त्या बाराही सांख्यिकी मुख्य विषय असलेल्यांसाठी राखीव आहेत. अर्थशास्त्राचा विद्यार्थी बटण दाबतो तेव्हा त्याला ‘तुकडी भरली आहे’ असे उत्तर मिळते आणि यंत्रणा बिघडली असे त्याला वाटते. यंत्रणा बरोबर असते. राखीव जागा बहुधा ठराविक तारखेनंतर सर्वांना खुल्या होतात. ती तारीख विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

व्याख्यानाला प्रात्यक्षिक जोडलेले असेल तर दोन्ही एकाच वेळी नोंदवावी लागतात. व्याख्यानाची तुकडी मोकळी पण तिच्याशी जुळणारी प्रात्यक्षिकाची बॅच भरलेली, अशी अडचण विज्ञान शाखेत फार येते. त्यामुळे आधी प्रात्यक्षिकाच्या वेळा पाहाव्यात आणि व्याख्यान त्याभोवती बसवावे, उलट नाही.

अटी आणि अडथळे

ज्या विषयाशिवाय पुढचा विषय घेता येत नाही त्याला पूर्वअट म्हणतात, आणि जो सोबतच घ्यावा लागतो तो सहविषय. पूर्वअट नुसती उत्तीर्ण होऊन भागतेच असे नाही. काही विभाग किमान श्रेणी मागतात. चालू सत्रात शिकत असलेला विषय पूर्वअट म्हणून तात्पुरता ग्राह्य धरला जातो. निकालात तो राहिला तर पुढच्या सत्रातली नोंदणी आपोआप रद्द होते, आणि ही सूचना सुट्टीच्या काळात ईमेलवर येऊन पडते. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी विषय केलेला असतो, पण समकक्षता ठरून तो नव्या दप्तरात चढलेला नसतो, म्हणून यंत्रणा त्यांना अडवते. यावर उपाय एकच: नोंदणीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी समकक्षतेचा अर्ज मार्गी लावणे.

पूर्वअट शिथिल करण्याची परवानगी शिक्षक किंवा विभाग देऊ शकतो. या परवानगीने फक्त कुलूप उघडते. आत विद्यार्थ्यालाच जावे लागते, म्हणजे परवानगी मिळाल्यावर पोर्टलवर जाऊन नोंदणी स्वतः करावी लागते. ‘सरांनी हो म्हटले’ एवढ्यावर विसंबून राहिलेल्यांची नोंदणी राहून जाते. शिवाय परवानगी एका अटीपुरती असते. पूर्वअटीची सूट मिळाली म्हणून भरलेल्या तुकडीत जागा मिळत नाही. त्यासाठी क्षमतावाढीची वेगळी परवानगी लागते.

खरा मोठा अडथळा म्हणजे विद्यार्थ्याच्या पोर्टलवरच्या खात्यावर लागलेली रोक, म्हणजे नोंदणी अडवणारी बंदी. फीची थकबाकी, ग्रंथालयाचे न परतवलेले पुस्तक, अपुरी कागदपत्रे, न झालेली वैद्यकीय नोंद किंवा सल्लागाराशी न झालेली भेट, यांपैकी कोणत्याही कारणाने ती लागते. रोक ज्या कार्यालयाने लावली त्यालाच काढता येते. किरकोळ दंड भरल्यानंतरही तो दप्तरात चढायला एक-दोन कामाचे दिवस जातात, आणि नोंदणीची खिडकी, म्हणजे तिच्यासाठी ठरलेला कालावधी, त्यासाठी थांबत नाही. ज्यांची नोंदणी हुकते त्यांच्यापैकी बरेच जण संथ इंटरनेटला दोष देतात. प्रत्यक्षात रोक आठवडाभर आधीपासून खात्यावर दिसत असते, फक्त कोणी ते पान उघडून पाहिलेले नसते.

जागा कोणाला आधी

सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे टप्प्याटप्प्याने खिडकी उघडणे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आधी, नवे शेवटी. ज्याची पदवी एका विषयासाठी अडेल त्याला तो विषय आधी मिळाला पाहिजे, हे यामागचे कारण न्याय्य आहे. अपंगत्वामुळे वेळेची किंवा इमारतीची सोय लागणाऱ्यांनाही अनेक ठिकाणी पहिली खिडकी देतात. एकाच गटात ‘पहिला येईल त्याला’ असा नियम ठेवला की निकाल वेगावर आणि जोडणीवर ठरतो. म्हणून काही विद्यापीठे गटातल्या प्रत्येकाला यादृच्छिक क्रमांक देतात.

दुसरी पद्धत पसंतीक्रमाची. विद्यार्थी ऐच्छिक विषय क्रमाने भरून देतो आणि गुणवत्तेनुसार किंवा सोडतीने एकेकाचा नंबर लागतो. आपला नंबर येईल तेव्हा यादीतला उपलब्ध असलेला सर्वांत वरचा विषय मिळत असेल, तर मनातला खरा क्रमच भरावा. डावपेच करून काही हाती लागत नाही. सगळे पर्याय भरावेत हेही तितकेच महत्त्वाचे. दोनच पर्याय भरणाऱ्याच्या गळ्यात उरलेल्यातला कोणताही विषय पडतो. पुरेसे विद्यार्थी न मिळालेला ऐच्छिक विषय रद्दही होतो. काही व्यवस्थापन संस्थांत प्रत्येकाला खर्चायला ठराविक पॉइंट देऊन विषयांवर बोली लावायला सांगतात. अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूल या व्यवस्थापन संस्थेने २०१३ मध्ये याऐवजी अर्थशास्त्रज्ञ एरिक बुडिश यांच्या संशोधनावर आधारलेली प्रणाली आणली. तिच्यात विद्यार्थी प्रत्येक विषयाला स्वतःच्या लेखी किती मोल आहे ते कळवतो आणि संगणक प्रत्येकासाठी पूर्ण वेळापत्रक एकदमच बांधतो.

नोंदणीचा दिवस

पोर्टलवर विषय आधीच ‘टोपली’त टाकून ठेवता येतात. टोपलीत टाकल्याने जागा अडत नाही, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. वेळेची टक्कर, पूर्वअट आणि श्रेयांकांची मर्यादा तपासणारी ‘पडताळणी’ची सोय असेल तर ती आदल्या दिवशी वापरावी. प्रत्येक विषयाच्या दोन पर्यायी तुकड्यांचे क्रमांक लिहून जवळ ठेवावेत. खिडकी उघडण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी लॉगिन करावे. फार आधी केले तर निष्क्रियतेमुळे लॉगिन आपोआप बंद होते. एकाच खात्याची दोन पाने उघडू नयेत, कारण एका पानावरची कृती दुसऱ्याला ठाऊक नसते आणि अर्धवट नोंदणी होते. आधी तो विषय नोंदवावा ज्याची एकच तुकडी आहे. आवडीचा पण पाच तुकड्या असलेला विषय शेवटी घेतला तरी चालतो.

बटण दाबल्यावर प्रत्येक विषयासमोरची स्थिती वाचावी. पाचांपैकी चार नोंदले गेले आणि एक नाकारला गेला, तरी वर हिरवी पट्टी दिसू शकते. शेवटी ‘माझे वेळापत्रक’ हे पान नव्याने उघडून, छापून किंवा त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

प्रतीक्षा यादी

तुकडी भरल्यावर प्रतीक्षा यादीत नाव घालता येते. एखाद्याने जागा सोडली की ती यादीतल्या पहिल्याला जाते, मग पडद्यावर शिल्लक जागा दिसत असली तरी बाहेरच्याला ती घेता येत नाही. काही यंत्रणा जागा आपोआप देतात, तर काही ईमेल पाठवून २४ तासांसारखी मुदत देतात. आपोआप देणाऱ्या यंत्रणेतही तीन कारणांनी नंबर हुकतो: त्याच वेळेला दुसरा विषय घेतलेला असतो, श्रेयांकांची मर्यादा भरलेली असते, किंवा त्याच विषयाच्या दुसऱ्या तुकडीत आधीच नाव असते. यंत्रणा अशा विद्यार्थ्याला मुकाट्याने वगळून पुढच्याकडे जाते. ६० जणांच्या तुकडीत पाचवा क्रमांक आशादायक आहे, १२ जणांच्या चर्चासत्रात तोच क्रमांक जवळपास निरुपयोगी.

तुकडी बदलायची असेल तर ‘अदलाबदल’ची सोय वापरावी. तिच्यात नवी जागा मिळाली तरच जुनी सुटते. आधी जुनी सोडून मग नवीकडे धावणारा दोन्हीकडून जातो, कारण त्याने सोडलेली जागा त्याच क्षणी प्रतीक्षा यादीतल्या कोणाची तरी झालेली असते.

बदलाच्या मुदती

सत्र सुरू झाल्यावर साधारण पहिला एक ते दोन आठवडे विषय घेता किंवा सोडता येतो. या काळात सोडलेल्या विषयाचा गुणपत्रिकेवर मागमूस राहत नाही. त्यानंतर सुरू होते ती माघार: विषय गुणपत्रिकेवर राहतो, श्रेणीच्या जागी माघारीचे चिन्ह येते, सरासरीवर परिणाम होत नाही, पण फी बहुधा परत मिळत नाही किंवा आठवड्यागणिक कमी होत जाते. माघारीची मुदतही संपली की उरते ती अंतिम श्रेणी, ती कशीही असो. या दोन्ही मुदतींच्या तारखा आणि फीपरताव्याच्या तारखा एकच नसतात. वर्गात जाणे थांबवले म्हणजे विषय सुटला, ही समजूत सर्वांत महाग पडते: नोंदणी जिवंत राहते आणि सत्राअखेर अनुत्तीर्ण श्रेणी लागते.

परीक्षेची वेगळी नोंदणी

काही व्यवस्थांत विषयाच्या नोंदणीतच परीक्षा येते. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांत आणि भारतात मात्र परीक्षेसाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते किंवा अर्ज भरावा लागतो. जर्मनीत व्याख्यानाला बसायला फारसे कोणी अडवत नाही, पण परीक्षेची मुदत चुकली तर त्या सत्रात उत्तरपत्रिका लिहिता येत नाही. भारतात परीक्षा अर्जातले विषय आणि सत्राच्या सुरुवातीला नोंदलेले विषय जुळले नाहीत तर प्रवेशपत्रावर एखादा पेपर गहाळ असतो. विशेषतः मध्येच ऐच्छिक विषय बदललेल्यांच्या आणि मागच्या सत्राचा विषय पुन्हा देणाऱ्यांच्या बाबतीत असे होते. प्रवेशपत्र हाती आल्याबरोबर त्यावरचे विषय-संकेतांक वेळापत्रकाशी एकेक करून ताडून पाहावेत. परीक्षा विभागात दुरुस्तीचा अर्ज पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी नेला तर तो घेणारे कोणी जागेवर नसते.