फीटचं औषध आणि गालात राहिलेला घास

"दात येत असतील." "दृष्ट लागली असेल." फीट येणारं, उशिरा बसायला-बोलायला लागलेलं लेकरू जेवेनासं झालं की सोलापूरकडच्या घरांत आधी हेच ऐकू येतं. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, दुधात भाकरी आणखी बारीक कुस्करली जाते, तरी घास गालातच. औषधाच्या बाटलीकडे नजर जाते ती सगळ्यांत शेवटी. खरं तर फीट आणि भूक यांचं नातं फार जुनं आहे.

एके काळी उपास हाच उपचार होता. उपाशीपोटी झटके कमी होतात, हे जुन्या ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होतं. लेकराला उपाशी ठेवणार तरी किती दिवस? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तोड सुचवली: स्निग्ध पदार्थ भरपूर, पीठ-साखर नावालाच, म्हणजे खाऊनही शरीर उपासात असल्यासारखं वागतं. हाच कीटो आहार. यानेही भूक मंदावते. आणि ज्वारीच्या भाकरीवर चालणाऱ्या घरात तो पाळायचा म्हणजे अख्खी चूलच बदलायची!

औषधं आली ती आपापले त्रास घेऊन. १९१२ पासूनच्या फेनोबार्बिटोनने मूल पेंगतं. १९३८ पासूनच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, चावणं नकोसं होतं. व्हॅल्प्रोएट बहुधा उलटं, भूक वाढवणारं. म्हणून "आधीच्या औषधावर खायचा, नव्यावर खात नाही" ही आईची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. नवं औषध टोपिरामेट असेल तर ती बरोबरच असण्याची शक्यता मोठी. त्याने भूक आणि वजन इतकं उतरतं की २०१२ मध्ये अमेरिकेत वजन घटवायच्या दोन औषधांच्या एका एकत्र गोळीत त्याचा समावेश झाला. शिवाय त्याने घाम कमी येतो, अंग तापतं. सोलापूरच्या मे महिन्यात हे विसरून चालत नाही.

फेनफ्लुरामिनची गोष्ट तर वेगळीच. ते मुळात भूक मारायचंच औषध. हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ मध्ये बाजारातून गेलं. बेल्जियममधल्या काही डॉक्टरांनी मात्र फीटच्या मोजक्या रुग्णांवर त्याचा अभ्यास चालू ठेवला होता. २०२० मध्ये ते अमेरिकेत ड्रॅव्हे सिंड्रोमसाठी, म्हणजे तान्हेपणीच सुरू होणाऱ्या फीटच्या एका दुर्मिळ, हट्टी आजारासाठी परतलं, हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर.

अर्थात दोष दर वेळी बाटलीचाच नसतो. बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, किडका दात, गिळताना ठसका. बोलता न येणारं मूल यातलं काहीच सांगू शकत नाही, ते फक्त तोंड फिरवतं. अशा वेळी औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला, वजन किती उतरलं, एवढं वहीत असलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. डोस हळू वाढवणं किंवा औषध बदलणं त्यांच्या हाती असतं. घरच्या घरी बाटली एकदम बंद केली तर झटके थांबता थांबेनासे होऊ शकतात, आणि मग मध्यरात्री मूल उचलून सिव्हिल गाठावं लागतं.