ऑली, केव्हिन

(२७ डिसेंबर १९७२ – ). अमेरिकन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. एनबीए या व्यावसायिक साखळीत १३ मोसम, ६६२ सामने आणि १२ संघ अशी त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द झाली. सामन्यामागे सरासरी गुण अवघे ३.८. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर मात्र दुसऱ्याच मोसमात, २०१४ साली, त्यांनी कनेटिकट विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊन या संघातून त्या संघात जाणाऱ्या, बहुतेक वेळ राखीव बाकावर काढणाऱ्या खेळाडूला अमेरिकेत जर्नीमन म्हणतात. असे खेळाडू शेकड्यांनी असतात आणि विसरलेही जातात. ऑली यांची कारकीर्द लक्षात राहते ती प्रशिक्षकपदामुळे. ती समजून घ्यायला मात्र त्यांच्या गुणांच्या तक्त्यापेक्षा त्यांनी सह्या केलेले करार अधिक उपयोगी पडतात.

त्यांचा जन्म टेक्सस राज्यातील डॅलसचा. वाढ लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात. तिथल्या क्रेनशॉ हायस्कूलमधून ते १९९१ मध्ये देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कनेटिकट विद्यापीठात गेले. प्रशिक्षक जिम कॅल्हून शिस्तीचे कडक. त्यांच्या हाताखाली ऑली चार वर्षे पॉइंट गार्ड म्हणून खेळले. चेंडू वर आणायचा, डाव मांडायचा आणि ज्याचा हात चाललेला आहे त्याच्यापर्यंत चेंडू पोचवायचा, हे पॉइंट गार्डचे काम. पोचवण्याजोगे हात कनेटिकटकडे होते: डॉनयेल मार्शल १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या निवडीत, चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, रे ॲलन १९९६ मध्ये पाचव्या. १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे संघाने विद्यापीठांच्या बिग ईस्ट गटात साखळीत पहिला क्रमांक मिळवला. १९९५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांपर्यंत मजल गेली आणि पुढे यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने वाट अडवली. त्या वर्षीचे विजेतेही तेच.

१९९५ च्या ड्राफ्टमध्ये २९ संघांनी दोन फेऱ्यांत ५८ खेळाडू उचलले. त्यांत ऑली नव्हते. पुढची दोन वर्षे त्यांनी सीबीए या दुय्यम साखळीत हार्टफर्डच्या कनेटिकट प्राइड संघाकडून काढली. एनबीएचे दार उघडले ते १९९७-९८ मध्ये. त्या एकाच मोसमात डॅलस आणि ऑर्लँडो असे दोन गणवेश त्यांच्या अंगावर चढले.

दार उघडते कसे, हे पाहण्यासारखे आहे. मोसम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो. संघ भरलेले असतात, पण बाकाच्या टोकाला बसलेल्या दोन-तीन जणांचे करार पक्के नसतात. १० जानेवारीनंतरही ते संघात राहिले, तर उरलेल्या मोसमाचा पगार देणे संघाला बंधनकारक होते. म्हणून त्या तारखेच्या आधीचे दोन-चार दिवस अशा खेळाडूंच्या जिवाला घोर असतो. अनेकांना तेव्हाच नारळ मिळतो. त्याच आठवड्यात दुसरी खिडकी उघडते: दहा दिवसांचा करार. मुदत दहा दिवस किंवा तीन सामने, जे नंतर संपेल ते. एका मोसमात एका खेळाडूशी एका संघाला असा करार दोनदाच करता येतो. तिसऱ्या खेपेस एक तर त्याला मोसमअखेरपर्यंत ठेवायचे, नाहीतर सोडायचे. एखाद्याचा घोटा मुरगळला, कोणाला विकले गेले, की दुय्यम साखळीतल्या कोणाचा तरी फोन वाजतो, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी शहरातल्या सरावाला हजर होतो. ऑली यांची सुरुवातीची वर्षे अशाच तुकड्यातुकड्यांच्या करारांवर गेली.

दहा दिवसांत कोणी नेमबाजी सुधारू शकत नाही. सुधारता येते ते पाठांतर. प्रत्येक प्रशिक्षकाची डावांची वही वेगळी, खुणा वेगळ्या, बचावातले इशारे वेगळे. पॉइंट गार्डने आपली जागा शिकून भागत नाही. उरलेल्या चौघांनी कुठे उभे राहायचे तेही त्याला ठाऊक हवे, कारण चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या तारांकित खेळाडूला हाताने ढकलून जागेवर आणणे त्याच्याच वाट्याला येते. बारा संघांत अशा वह्या घोकणारा माणूस प्रशिक्षणाचे शिक्षण पगार घेऊन करत असतो, हे त्या वेळी कोणी, कदाचित त्याने स्वतःही, ओळखलेले नसते. ऑली यांच्याकडे उंच उडी नव्हती, लांबून गुण करणारा हात नव्हता. चेंडू न गमावणे, समोरच्या गार्डला पूर्ण मैदानभर चिकटून राहणे आणि सरावात पहिले हजर असणे यांवर त्यांचे पोट चालले.

संघांची यादी दोन ओळींत मावते. डॅलस, ऑर्लँडो, सॅक्रामेंटो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिॲटल, क्लीव्हलंड, मिनेसोटा, ओक्लाहोमा सिटी; ऑर्लँडो आणि फिलाडेल्फियाकडे परत जाणे धरले, तर फेऱ्या याहून जास्त. काही ठिकाणी संघांचा आकडा अकरा दिलेला आढळतो. त्याचे कारण असे, की सिॲटलचा संघच २००८ मध्ये उठून ओक्लाहोमा सिटीला गेला. म्हणजे खेळाडू फिरलाच, मालकांनी संघही फिरवला.

यांपैकी फिलाडेल्फिया हे त्यांचे घर म्हणता येईल. २०००-०१ मध्ये न्यू जर्सीकडून जेमतेम १९ सामने खेळून ते तिथे परतले आणि ॲलन आयव्हरसनच्या त्या संघासोबत थेट एनबीएच्या अंतिम लढतीपर्यंत गेले. लॉस एंजेलिस लेकर्सने ती मालिका ४-१ अशी जिंकली. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये शिकागोने त्यांना रॉन आर्टेस्ट, ब्रॅड मिलर आणि रॉन मर्सर यांच्याबरोबर इंडियानाला दिले. बरोबर एका वर्षाने, फेब्रुवारी २००३ मध्ये, मिलवॉकीने गॅरी पेटनला मिळवण्यासाठी रे ॲलनला सिॲटलला दिले, त्या सौद्यातही ऑली होते. एकाच विद्यापीठाचे दोघे एकाच दिवशी एकाच गावाला निघाले. वृत्तपत्रांचे मथळे अर्थातच ॲलन आणि पेटन यांचे. मोठ्या सौद्यांत पगारांची बेरीज जुळवायला अशी नावे लागतातच.

वयाच्या तिशीत, २००३ च्या उन्हाळ्यात, क्लीव्हलंडने त्यांना अनेक वर्षांचा करार दिला. त्याच मोसमात लेब्रॉन जेम्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा त्या संघात दाखल झाला. पण कराराची मुदत लांब असली, तरी मुक्कामाची नव्हती. एका वर्षातच एरिक स्नोच्या बदल्यात ऑली पुन्हा फिलाडेल्फियात गेले आणि २००८ पर्यंत तिथे राहिले.

शेवटचा मोसम २००९-१० चा, ओक्लाहोमा सिटीचा. सामने फक्त २५. आदल्या वर्षी २३ विजय आणि ५९ पराभव असलेल्या या संघाने त्या वर्षी ५० सामने जिंकले. केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि नवखा जेम्स हार्डन ही पोरे विशीच्या आसपासची. श्रेय मुख्यतः त्यांचेच. तरी ड्युरंटने नंतर जाहीरपणे सांगितले, की तिथली वागण्याची रीत बदलली ती ऑली यांच्यामुळे. सराव कसा करायचा, झोप आणि खाणे कसे सांभाळायचे, व्यावसायिक म्हणून दिवस कसा घालवायचा, हे त्या मुलांनी या सदतीस वर्षांच्या राखीव खेळाडूकडे पाहून उचलले. संघाचे प्रशिक्षक स्कॉट ब्रुक्स हेही ड्राफ्टमध्ये न निवडले गेलेले, संघ बदलत खेळलेले गार्ड. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान त्यांना मिळाला. एनबीएच्या प्रशिक्षकांत अशा माजी गार्डांचा भरणा मोठा आहे आणि तो योगायोग नाही.

२०१० मध्ये ऑली कॅल्हून यांचे सहायक म्हणून कनेटिकटला परतले. २०११ मध्ये संघ विजेता ठरला. सप्टेंबर २०१२ मध्ये, मोसम तोंडावर आला असताना, कॅल्हून निवृत्त झाले आणि सूत्रे ऑली यांच्याकडे आली. करार किती? एप्रिल २०१३ पर्यंतचा, जेमतेम सात महिन्यांचा. मुख्य प्रशिक्षकाचा काहीही अनुभव नसलेल्या माणसाला विद्यापीठानेही जणू वाढीव दहा दिवसच देऊ केले.

परिस्थितीही चमत्कारिक होती. खेळाडूंच्या अभ्यासातील प्रगतीचा निर्देशांक घसरल्यामुळे, महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने कनेटिकटला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेतून आधीच बाद केले होते. जिंकूनही पुढे जायला वाट नाही, अशा संघातून काही खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेले. शबाझ नेपियर, रायन बोटराइट, डीआंद्रे डॅनियल्स राहिले. जर्मनीतील रामस्टाइनच्या अमेरिकी हवाई तळावर झालेल्या पहिल्याच सामन्यात या संघाने मिशिगन स्टेटला ६६-६२ असे हरवले. डिसेंबरात ऑली यांना पाच वर्षांचा करार मिळाला. मोसम संपला तेव्हा २० विजय, १० पराभव. बक्षीस काहीच नसताना हा संघ खेळत राहिला. माझ्या मते २०१४ च्या करंडकाइतकेच हे काम मोठे.

२०१३-१४ मध्येही सारे सुरळीत नव्हते. मार्चच्या सुरुवातीला लुइव्हिलने त्यांचा ८१-४८ असा धुव्वा उडवला. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात सातवे मानांकन मिळाले, आणि सातव्या मानांकनावरून तोवर कोणी करंडक जिंकलेला नव्हता. पहिल्या सामन्यात सेंट जोसेफ्सविरुद्ध जादा वेळेत ८९-८१ अशी सुटका झाली. मग व्हिलानोव्हा, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट. उपांत्य फेरीत गाठ पडली ती सलग ३० सामने जिंकलेल्या फ्लोरिडाशी. ती मालिका सुरू होण्यापूर्वीचा फ्लोरिडाचा शेवटचा पराभव कनेटिकटकडूनच झाला होता, डिसेंबरात, नेपियरच्या अखेरच्या क्षणीच्या फटक्यावर, ६५-६४. या वेळी निकाल ६३-५३ लागला.

अंतिम सामना ७ एप्रिल २०१४ रोजी टेक्ससमधील आर्लिंग्टन येथे झाला, ऑली यांच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर. फुटबॉलच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये ७९,२३८ प्रेक्षक होते. समोर जॉन कॅलिपारी यांचा केंटकी, बहुतेक सगळे पहिल्या वर्षाचे, एनबीएच्या वाटेवरचे खेळाडू. कनेटिकटने ६०-५४ अशी बाजी मारली. नेपियरचे २२ गुण. फ्री थ्रोचा, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींचा, हिशेब मांडला की सामना उलगडतो: कनेटिकटने दहापैकी दहा टाकले, केंटकीने चोवीसपैकी तेरा. शेवटच्या तीन प्रतिस्पर्ध्यांची गुणसंख्या पाहावी: ५४, ५३, ५४. नेपियर आणि बोटराइट ही गार्डांची ठेंगणी जोडी समोरच्याला मैदानभर श्वास घेऊ देत नव्हती. ऑली स्वतः तेरा वर्षे ज्या कामावर टिकले, तेच त्यांनी या दोघांकडून करून घेतले. जॉन थॉम्पसन (१९८४), नोलन रिचर्डसन (१९९४) आणि टबी स्मिथ (१९९८) यांच्यानंतर पुरुषांच्या या स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारे ते चौथे कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले.

नंतरची घसरण झपाट्याची. २०१६ मध्ये गटस्पर्धा जिंकली, नवा मोठा करार झाला. पण पुढचे दोन मोसम १६ विजय, १७ पराभव आणि १४ विजय, १८ पराभव असे गेले. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यांना नियमभंगाचे कारण देऊन काढले. कारण सबळ ठरले, तर कराराचे उरलेले एक कोटी डॉलरहून अधिक द्यावे लागणार नव्हते. भांडण तिथे होते. जुलै २०१९ मध्ये एनसीएएने नियमबाह्य सराव, खेळाडूंना मिळालेले फुकट प्रशिक्षण यांसारख्या बाबींत त्यांना दोषी धरले. तीन वर्षे कोणत्याही विद्यापीठाला त्यांची नेमणूक करायची, तर खास कारणे द्यावी लागतील, असे निर्बंध घातले आणि संघाचे दोन मोसमांतील विजयही रद्द केले. लवादाने मात्र वेगळ्या अंगाने पाहिले. ऑली हे विद्यापीठातील प्राध्यापकांच्या संघटनेच्या सामूहिक करारात मोडत होते, आणि त्या करारानुसार गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज कोणालाही काढता येत नव्हते. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकांच्या कामगार कराराने तारावे, हा अमेरिकी विद्यापीठांतल्या खेळव्यवस्थेचा एक गमतीदार कोपरा. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने त्यांना सुमारे १ कोटी ११ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. पुढे त्याच वर्षी वेगळ्या तडजोडीतून आणखी ३९ लाख मिळाले. दरम्यान त्यांच्या जागी आलेल्या डॅन हर्ली यांनी कनेटिकटला २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले.

२०२१ मध्ये ऑली अटलांटाच्या ओव्हरटाइम एलिट या नव्या साखळीत गेले. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांना कॉलेजऐवजी पगारावर खेळवणारा तो उपक्रम. २०२३ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी अखेरच्या काही नावांत ते होते. जागा माँटी विल्यम्स यांना मिळाली, आणि ऑली ब्रुकलिन नेट्सचे सहायक झाले. हा न्यू जर्सीचाच संघ, २०१२ मध्ये ब्रुकलिनला हललेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये २१-३३ अशा अवस्थेत जॅक व्हॉन यांना दूर केल्यावर उरलेल्या मोसमासाठी हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून ऑली यांना नेमले गेले. त्यांच्या हाताखाली संघाने ११ सामने जिंकले, १७ गमावले. एप्रिलमध्ये नेट्सने जॉर्डी फर्नांडेझ यांची कायमची नेमणूक केली.