ओरडलं की ऐकू येतं?

‘आजोबांना कमी ऐकू येतं, जरा ओरडून बोला,’ हा सल्ला कोकणात घरोघरी मिळतो, तोही मायेपोटी. पण वयाबरोबर बहुधा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज हरवतात: स, श, फ. ओरडल्याने मुख्यतः स्वर मोठे होतात, ही व्यंजनं पुसटच राहतात. म्हणून ते म्हणतात, ‘आवाज येतो, शब्द लागत नाही.’

करून बघा. पडवीत पाठीमागून ओरडून विचारा, ‘सरंगा आणू की बांगडा?’ मग तिथेच समोर बसून, चेहऱ्यावर उजेड घेऊन, नेहमीच्या आवाजात सावकाश काहीतरी वेगळं विचारा. (पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर दोन्ही फसतील.) कुठला कान बरा, कसं बोललेलं कळतं, हे मात्र त्यांनाच विचारा, सुनेला नव्हे. कानाची तपासणीही करून घ्या.