कर्करोग संशोधकांचे अभ्यासगट : नागपुरातून पाहताना

कर्करोगाचे संशोधक आपापल्या संस्थेबाहेर जाऊन विषयवार अभ्यासगट करू लागले, ते प्रामुख्याने रुग्णसंख्येच्या अडचणीमुळे. एकाच रुग्णालयात येणाऱ्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मोजक्या मुलांवरून दोन उपचारांपैकी सरस कोणता, हे खात्रीने सांगता येत नसे. म्हणून अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी निधीतून अनेक रुग्णालयांचे सहकारी गट उभे राहिले आणि युरोपात १९६२ पासून त्याच धर्तीवर काम सुरू झाले.

रोग कशामुळे होतो याचा शोध घेणाऱ्यांना अशा गटांची गरज पुढे जाणवली. तोंड, घसा व स्वरयंत्राच्या कर्करोगांसाठी २००४ मध्ये ‘इनहान्स’ हा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. निरनिराळ्या देशांत आधीच झालेल्या पाहण्यांची मूळ माहिती त्याने एकत्र केली, तेव्हा धूम्रपान आणि मद्यपान यांचे परिणाम वेगवेगळे मोजणे शक्य झाले. कारण कधीही दारू न पिणारे धूम्रपानी रुग्ण एकेका पाहणीत फारच थोडे असतात. माझ्या मते अशा गटांचे खरे काम परिषदांपेक्षा प्रश्नावल्या जुळवण्याच्या कंटाळवाण्या खटाटोपात असते.

भारतात या कामाचा पाया नोंदणीने घातला. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक भागातल्या रहिवाशांमधील सर्व कर्करुग्णांची नोंद, सुरू केली, आणि पुढे पुणे व औरंगाबादपाठोपाठ १९८० मध्ये ती नागपुरात आली. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम उभा राहिला. २०१२ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने उपचारांचे समान निकष आणि संस्थांमधील संशोधन यांना एक चौकट दिली.

नागपूरपुरता विचार केला, तर अभ्यासाचा विषय शोधायला दूर जावे लागत नाही. विदर्भातल्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा दिला जातो. तोंड हळूहळू कमी उघडू लागणे, ज्याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, हा विकार मुख्यतः सुपारीशी निगडित असून त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तंबाखू घातलेल्या विड्याचे कर्करोगकारक स्वरूप आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्येच मान्य केले होते. नुसत्या सुपारीलाही तिने २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात त्याच वर्गात टाकले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली खरी, पण खर्रा ठेल्यावरच ताजा घोटला जात असल्याने त्याला ना छापील वेष्टन, ना घटकांचे ठरलेले प्रमाण.

संशोधनाची अडचणही नेमकी इथेच आहे. अर्जात ‘तंबाखू : होय किंवा नाही’ एवढाच रकाना असेल, तर खर्रा खाणारा आणि बिडी ओढणारा एकाच गटात जातात व सुपारीचा वाटा हिशेबातून निसटतो. शिवाय तोंड उघडेनासे झालेला रुग्ण बहुधा आधी दंतवैद्याकडे जातो, कर्करोग रुग्णालयात तो बराच उशिरा पोहोचतो. त्यामुळे नागपुरात या विषयाचा अभ्यासगट करायचा झाल्यास शासकीय दंत महाविद्यालय, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांतील तज्ज्ञांबरोबर नोंदणीचे काम करणारेही आरंभापासून त्यात असावे लागतील, आणि पहिल्या बैठकीत खर्रा कसा नोंदवायचा, म्हणजे दिवसाला किती पुड्या, किती वर्षे आणि कोणत्या वयापासून, हे ठरवावे लागेल.